सह्याद्रीतून सहा हजार मीटरवर: कांग यात्से-2 साठी नवख्याची तयारी

राजगड-तोरणा एका दमात मारणारी माणसं लेहला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं धरून पलंगावर बसलेली दिसतात. कळसूबाईच्या शिड्यांवर ज्याला सगळे मागे टाकून गेले होते, तोच गडी शेजारी बसून निवांत चहा पीत असतो. यात नशिबाचा भाग थोडा आहे, पण मुख्य कारण हे की दम असणं आणि विरळ हवेला शरीर सरावणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घरी कमावता येते. दुसरी फक्त डोंगरावर, आणि तीही दिवस मोजून दिल्याशिवाय मिळत नाही. उलट ज्याच्या मांड्यांत ताकद जास्त तो पहिल्या दोन दिवसांत जास्त पळतो आणि लवकर झोपतो.

म्हणून या लेखातला माझा आग्रह एकच आहे. पैसे आणि सुट्टी यांची ओढाताण असेल तर महागडं जॅकेट सोडा, दोन दिवस वाढवा.

उदाहरणासाठी लडाखमधलं कांग यात्से-2 घेतलं आहे. उंची साधारण 6,250 मीटर. लेहजवळचं स्टोक कांगरी (6,153 मीटर) हे वर्षानुवर्षं नवख्यांचं पहिलं सहा हजारी शिखर होतं, पण ते 2020 मध्ये बंद झालं. तेव्हापासून मारखा खोऱ्याच्या टोकाच्या या शिखराकडे ओघ वळला. चढाई तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण सोपीही नाही. वरच्या बर्फाच्या उतारावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे), आइस ॲक्स आणि दोर लागतो. शेजारचं कांग यात्से-1 त्याहून उंच आणि बरंच कठीण. नावावरून गल्लत करू नका.

आधी हे तपासा: आत्ता जायचं का?

हिमालयात एकदाही चार हजार मीटरच्या वर झोपला नसाल, तर या वर्षी कांग यात्से नको. हम्प्ता पास (सुमारे 4,270 मीटर), रूपिन पास (सुमारे 4,650 मीटर) किंवा त्या तोडीचा एखादा ट्रेक करून या. आपलं शरीर उंचीवर कसं वागतं हे पुस्तकातून कळत नाही. एखाद्याला भूक मरते, एखाद्याला झोप येत नाही, एखाद्याला काहीच होत नाही. ही माहिती समिटच्या, म्हणजे माथ्याकडच्या शेवटच्या चढाईच्या, रात्री मिळण्यापेक्षा आदल्या वर्षी मिळालेली बरी.

त्याहून चांगला रस्ता म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1954), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (1965) किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था, कुठेही केलात तरी जवळपास चार आठवडे जातात. नोकरदाराला एवढी रजा मिळवणं हीच पहिली चढाई. जागा लवकर भरतात, म्हणून वर्षभर आधी चौकशी करा. पण बर्फावर पाय कसा टाकायचा, घसरलो तर ॲक्स रोवून कसं थांबायचं, दोरावर चौघं कसे चालतात, हे तिथे हाडात भिनतं. एजन्सीच्या मोहिमेत हेच सगळं बेस कॅम्पवर एका दुपारी शिकवतात. तेवढ्यावर माणसं चढतात हे खरं, पण काही बिघडलं की एका दुपारचं शिक्षण पुरत नाही.

डॉक्टरांकडे तीन-चार महिने आधी जा. रक्तदाब, ईसीजी, साखर आणि हिमोग्लोबिन. शेवटचं विशेष महत्त्वाचं. विरळ हवेत ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम रक्तच करतं, आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, लोह कमी असणं अगदी सर्रास. शरीरातला लोहाचा साठा भरून यायला आठवडे-महिने लागतात, म्हणून ही तपासणी निघायच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही. दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल किंवा आधी कधी उंचीवर फुप्फुसात पाणी झालं असेल, तर डॉक्टर सांगतील ते शेवटचं.

वर नेमकं होतं काय

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच असतं, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला, म्हणजे 3,500 मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. 5,500 मीटरवर निम्मा. कांग यात्सेच्या माथ्यावर निम्म्याहून कमी.

शरीर पहिला उपाय करतं तो श्वास वाढवण्याचा. जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि मग शरीरच श्वासाला लगाम घालतं. मूत्रपिंडं हा तोल सावरतात, पण त्याला दोन-चार दिवस लागतात. उंचीवर वारंवार लघवी होते ती यामुळेच, आणि ते चांगलं लक्षण आहे. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. घाई करून यातलं काहीच लवकर होत नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, नेमकं मूत्रपिंडांचं हे काम लवकर करून घेतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव जाते, रात्री चार वेळा उठावं लागतं. घ्यायचं ठरलं तर घरी असताना दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे मुंग्या गोळीच्या की थंडीच्या हा घोळ वर होणार नाही.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. वास तरतरीत असतो, एवढंच. कोका-30 च्या होमिओपॅथीच्या गोळ्या आपल्याकडच्या प्रत्येक लडाख ग्रुपमध्ये फिरतात, पण त्यांनी विरळ हवेचा त्रास टळतो याला भरवशाचा आधार नाही. श्रद्धेने घ्यायच्या तर घ्या, पण त्यांच्या जिवावर एक दिवस वाचवू नका. ऑक्सिजनचा जो हलका कॅन दुकानात मिळतो, तो काही मिनिटांत संपतो.

सहा महिन्यांची तयारी

हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये जायचं धरून फेब्रुवारीत सुरुवात करा.

पहिले दोन महिने पाया. आठवड्यातून चार-पाच दिवस पाऊण ते एक तास भरभर चालणं, हळू पळणं किंवा सायकल, पण अशा वेगाने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. इथे सगळे चुकतात. दर वेळी जीव तोडून पळतात, महिनाभरात गुडघा धरतात आणि सोडून देतात. शिखरावरची चढाई बारा-चौदा तासांची संथ मेहनत असते. त्या संथ वेगाचं इंजीन बांधायचं तर सरावाचा मोठा वाटा संथच हवा. धाप लावणारा सराव, म्हणजे टेकडीवर तीन-चार मिनिटं जोरात चढून खाली येणं, तो आठवड्यातून एकदा आणि तोही तिसऱ्या महिन्यापासून.

सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. जिम नसली तरी चालेल. गुडघ्याएवढ्या ओट्यावर चढ-उतार, लंजेस, एका पायावर वाकणं, पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, आणि प्लँक. ओट्यावरून उतरताना मुद्दाम सावकाश उतरा. डोंगर उतरताना मांड्यांच्या स्नायूंवर जो ताण येतो तो नुसतं चढून कमावता येत नाही, आणि दमलेल्या पायांनी उतरतानाच माणसं जास्त पडतात.

एप्रिलपासून पाठीवर वजन. पाच किलोने सुरू करा, दर आठवड्याला किलोभर वाढवत बारा-तेरापर्यंत न्या. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं. चढाईचा व्यायाम पूर्ण होतो आणि गुडघे वाचतात. (गडावर एखादं रोपटं वाळत असेल तर त्याचंही भलं.)

पुण्याच्या लोकांना मोजमापाला सिंहगड उत्तम. आतकरवाडीतून पायवाट साधारण सहाशे मीटर उंची चढते. कांग यात्सेच्या बेस कॅम्पपासून माथा अकराशे-साडेअकराशे मीटर वर आहे, म्हणजे सिंहगड जवळपास दोनदा, निम्म्या हवेत. तेव्हा जूनअखेरपर्यंत हे जमायला हवं: दहा किलो पाठीवर घेऊन दीड तासाच्या आत वर, मग खाली, पुन्हा तेवढ्याच वेळात वर आणि पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही तर तुम्ही तयार आहात. लागला तर अजून महिना आहे. ज्यांच्याजवळ सिंहगड नाही त्यांनी घड्याळ आणि उंचीचा हाच हिशेब आपल्या डोंगरावर लावावा. सातारकरांना अजिंक्यतारा आहे, नाशिककरांना तर अख्खी रांग. नागपूरकरांना आणि ठाण्या-मुंबईतल्या कामाच्या दिवशी अडकलेल्यांना इमारतीचा जिना. वीस मजली जिना म्हणजे साठ मीटर. दहा फेऱ्या मारल्या की सिंहगड झाला. वॉचमन दोन दिवस बघतो, मग सवय होते.

मे महिन्यात हा सराव पहाटे उरका. जून-जुलैत पाऊस कामाला येतो, कारण ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, निसरड्या घसाऱ्यावर सहा तास चालण्याची सवय पुढे लागणारच आहे. मात्र धबधब्याच्या नाळा आणि कातळटप्पे पावसात नकोत, आणि वनखात्याने बंद ठेवलेल्या वाटा तर नकोतच.

एक तरी रात्रीची चाल करा. कात्रज ते सिंहगड चालतं. समिट पुश रात्री अकरा-बाराला निघतो. झोप न झालेली, पोटात काही जात नाही, आणि हेडटॉर्चच्या गोल उजेडापलीकडे काही दिसत नाही. त्या अवस्थेत पाय आपोआप पडायला हवेत. निघायच्या आधीचे दहा-बारा दिवस सराव निम्म्यावर आणा. शेवटच्या आठवड्यात कमावलेली ताकद वर उपयोगी पडत नाही. कमावलेला थकवा मात्र सोबत येतो.

हाताचं काम

बर्फ सह्याद्रीत नाही, पण दोर आहे. स्थानिक गिर्यारोहण संस्थेबरोबर दोन रविवार घालवा. हार्नेस स्वतः बांधणं, आठाची गाठ, कॅरॅबिनर, जुमारने (दोराला धरून वर सरकवायच्या पकडीने) चढणं, रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं. मग हेच सगळं जाड हातमोजे घालून करा. घरी सोपं वाटणारं स्क्रू कॅरॅबिनर मोज्यातून फिरवताना किती वेळ खातं ते कळेल.

क्रॅम्पॉनचंही तसंच. भाड्याने आठवडाभर मिळत असतील तर घरी आणा आणि जुन्या सतरंजीवर, दिवा बंद करून, हेडटॉर्चवर बांधून पाहा. काटे जमिनीला टेकवून त्यात बूट उभा दाबायचा. पुढची पट्टी नीट बसली की टाचेचा खटका, मग पट्टा. बकल नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला राहिलं तर दुसऱ्या पायाचे काटे त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. पट्ट्याचं लोंबतं टोकही खोचून टाका. चालताना पाय नेहमीपेक्षा वीतभर फाकवून. वर हे काम उणे दहा अंशांत, अंधारात, धापा टाकत करायचं असतं.

सामान: विकत काय, भाड्याने काय

डबल बूट (आत वेगळा लायनर असलेले), क्रॅम्पॉन, आइस ॲक्स, हार्नेस, हेल्मेट भाड्याने. लेहमध्ये मिळतात, बहुतेक एजन्सी देतातच. बूट मात्र दुकानात उभं राहून तपासा. दोन मोजे घालून, तिरक्या फळीवर किंवा पायरीवर बोटं खाली करून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर एक माप वर. आणि तेच क्रॅम्पॉन त्याच बुटाला तिथेच लावून बघा. वेगवेगळ्या ठिकाणची जोडी बऱ्याचदा एकमेकांना बसत नाही.

स्वतःचं हवं ते असं: वापरून मऊ केलेले ट्रेकिंगचे बूट, अंगाला लागणारे थर्मल (सुती नको, घाम धरून ठेवतं), फ्लीस, वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पॅन्ट, चार जोड मोजे, आतले आणि बाहेरचे हातमोजे. जाड डाउन जॅकेट भाड्यानेही चालतं. बाहेरचे हातमोजे दोरीने मनगटाला बांधा. उतारावर सुटलेला मोजा परत मिळत नाही, आणि त्याच्याबरोबर बोटंही जाऊ शकतात. चष्मा बाजूनेही बंद असलेला, कॅटेगरी चारचा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा. नंबरचा चष्मा असेल तर वरून बसणारा गॉगल घ्या. बर्फावरून ऊन खालूनही येतं, म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या आतल्या बाजूलाही चोपडा.

पाण्याची नळी लावलेली पिशवी समिटच्या रात्री गोठते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घ्या, मोज्यात गुंडाळा आणि सॅकमध्ये उलट्या ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. सोबत एक थर्मास. हेडटॉर्चचे सेल आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ. तंबूत रात्री वापरायची वेगळी बाटली हा विषय कुणी बोलत नाही, पण उणे बारात चौथ्यांदा चेन उघडून बाहेर पडताना सगळ्यांना आठवतो.

लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि मारखात आत गेल्यावर तेही बहुतेक ठिकाणी गप्प. अमेरिकेतल्या भावाने प्रेमाने पाठवलेलं सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जाऊ नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं यंत्र जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकायला होतं. बिचाऱ्या भावाला हे माहीत नसतं.

खाणं

वर भूक मरते. एनर्जी बार दगडासारखे होतात, चिक्कीने दात हलतो. समिटच्या खिशात मऊ राहणाऱ्या गोष्टी ठेवा: खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मनुका, गूळपोळीचे तुकडे. तळावर खाववत नाही तेव्हा स्वयंपाक्याला मऊ भात मागा आणि आपल्या डबीतलं मेतकूट-तूप त्यावर घ्या. लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली अख्ख्या तंबूला जेवायला लावते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, पण एकदम ढोसू नका, आणि नुसतं पाणीच नको. सूप आणि मिठाचं सरबतही त्यात धरा. दारू आणि झोपेच्या गोळ्या उंचीवर पूर्ण बंद, कारण दोन्ही रात्रीचा श्वास मंदावतात.

दिवसांचं वेळापत्रक: इथे भांडा

ढोबळ नियम असा की 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरहून जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा उंच जाऊन खाली झोपायला येणं चांगलंच.

विमानाने लेह म्हणजे एका सकाळी साडेतीन हजार मीटर. नियम तिथेच मोडला, म्हणून पहिले दोन दिवस शांत राहून त्याची भरपाई करायची. रस्त्याने जायची हौस असेल तर श्रीनगर-कारगिलचा रस्ता घ्या. कारगिल 2,700 मीटरच्या खाली आहे, रात्र सोपी जाते. मनालीहून आलात तर वाटेत सरचूला सुमारे 4,300 मीटरवर झोपावं लागतं, आणि तिथल्या तंबूंमधली रात्र किती जणांनी उलट्या करत काढली आहे याची गणती नाही.

मला पटणारं वेळापत्रक:

पहिला दिवस लेह, झोप आणि पाणी. दुसरा दिवस बाजारात फिरणं, संध्याकाळी शांती स्तूप. तिसरा दिवस गाडीने खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), वर अर्धा तास, परत लेह. (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, खरी उंची 5,359 मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेसतरा हजार. फोटो काढा, विश्वास ठेवू नका.) चौथा दिवस चिलिंगमार्गे स्क्यू. पाचवा मारखा गाव. सहावा थाचुंगत्से, सव्वाचार हजारांच्या आसपास. सातवा निमालिंग, साधारण 4,800. ही उडी पाचशेपेक्षा जास्त आहे, म्हणून आठवा दिवस निमालिंगमध्येच, सकाळी आसपासच्या उतारावर चढून यायचं. नववा बेस कॅम्प, पाच हजारांच्या थोडं वर. दहावा तिथेच सराव. अकरावा समिट. बारावा राखीव. तेरावा कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदो आणि लेह.

बाजारात याहून चार-पाच दिवस कमी असलेले कार्यक्रम मिळतात. काही जण शांग सुमदोच्या बाजूने चोकडोहून थेट कोंगमारू ला चढवून निमालिंगला उतरवतात. मारखाच्या बाजूनेही रस्ता आता बराच आत गेल्याने गाडीने दिवस वाचवण्याचा मोह होतो. वाचलेला दिवस तुमच्याच ॲक्लमटायझेशनमधून, म्हणजे उंचीला सरावण्याच्या वेळेतून, कापलेला असतो.

एजन्सीला पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्येक रात्रीची झोपायची उंची किती? राखीव दिवस आहे का? समिटला एका गाइडमागे किती जण? ऑक्सिजन सिलिंडर बेस कॅम्पवर असतो की लेहच्या ऑफिसात? कुणी आजारी पडलं तर खाली कोण नेणार, आणि उरलेल्यांबरोबर कोण राहणार? उत्तर देताना समोरचा "काही होत नाही हो, सगळे जातात" म्हणाला की फोन ठेवा. इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी लागते, ती एजन्सी काढते, पण कागद बघायला मागा. विमा घेताना त्यात किती मीटरपर्यंतचं गिर्यारोहण धरलंय ते बारीक अक्षरांत वाचा. कित्येक पॉलिसींमध्ये दोर आणि क्रॅम्पॉन आले की संरक्षण संपतं.

आजार ओळखणं

डोकेदुखी, त्याबरोबर मळमळ, चक्कर, गळून जाणं किंवा भूक मरणं, हा ॲक्युट माउंटन सिकनेस, एएमएस. नियम साधा: लक्षणं असताना वर जायचं नाही. तिथेच थांबा, पाणी, विश्रांती, डोक्यासाठी पॅरासिटामॉल. त्रास उतरला तर पुढे. वाढला तर खाली.

दोन गोष्टींना मात्र थांबणं नाही. एक, हेप, म्हणजे फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप, खोकला, झोपलं की जास्त, छातीत घरघर, पुढे गुलाबी फेस. दोन, हेस, म्हणजे मेंदूला सूज. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो. संशय आला तर त्याला सरळ रेषेत, टाचेला बोट लावत, दहा पावलं चालायला सांगा. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल तर रात्र आहे, सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. खाली, लगेच, सोबत माणूस देऊन. ऑक्सिजन असेल तर लावा. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं गाइडच्या पेटीत असतात. ती कधी आणि किती द्यायची हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषध उतरण्याच्या ऐवजी नसतं, उतरता यावं म्हणून असतं.

रात्री तंबूतल्या जोडीदाराचा श्वास आठ-दहा सेकंद थांबतो आणि मग तो खोल श्वास घेत दचकतो, हे ऐकून घाबरू नका. उंचीवर झोपेत असं होतंच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. बेस कॅम्पवर ऐंशीच्या आसपासचा आकडा पाहून घरच्या सत्त्याण्णवशी तुलना करून रडू नये. थंड बोटावर तो काहीही दाखवतो. आकड्यापेक्षा माणूस जेवतोय का, बोलतोय का, हे बघा.

समिटची रात्र

संध्याकाळी पाचला जेवून पडून राहा. झोप लागणार नाही, त्याचं मनावर घेऊ नका. अकराला उठून चहा, दोन घास, आणि निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे. पहिल्या वीस मिनिटांत घाम आला तर पुढचे सहा तास तो घाम अंगावर गार होत राहतो.

सुरुवातीचे तास मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांच्या, घसाऱ्यावर. आपल्याकडचा मुरमाड घसारा माहीत असलेल्याला इथे बरं वाटतं. पावलाचं तंत्र एवढंच: मागचा पाय सरळ करून क्षणभर वजन हाडांवर टाका, स्नायू सैल सोडा, मग पुढचं पाऊल. प्रत्येक पावलाला एक श्वास, वर गेल्यावर दोन किंवा तीन. ओठ आवळून जोरात श्वास सोडा. ज्या वेगाने न थांबता तासभर चालता येतं तो तुमचा वेग, भले पुढचा उजेड लांब गेला तरी.

क्रॅम्पॉन पॉइंटला सगळे थांबतात. तिथे आधी डाउन जॅकेट चढवा, मगच बूट-काट्यांना हात घाला. त्यानंतरचा बर्फाचा उतार दोराला बांधून. पुढच्याशी दोर ना ताणलेला ना पायात घोळणारा, आणि ॲक्स नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात. वळणावर हात बदलायला विसरतात, त्याकडे लक्ष द्या.

परत फिरायची वेळ बेस कॅम्पवर ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. सकाळी आठ म्हणा किंवा नऊ, गाइड सांगेल तशी. त्यानंतर ऊन लागून बर्फ मऊ पडतो, काट्यांखाली गोळे धरतात, आणि उतरताना घसरायला होतं. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी ती वेळ झाली की पाठ फिरवायची. आणि बोटांत बधिरपणा आलाय, शब्द अडखळतायत, हे गाइडला सांगायची लाज धरू नका.

उतरताना प्रत्येकाला वाटतं की झालं. दोर सोडून बसून घसरत जायचा मोह होतो. क्रॅम्पॉन पायात असताना बसून घसरलात आणि काटा बर्फात रुतला, तर घोटा जातो. दोर आणि हेल्मेट उतार संपेपर्यंत ठेवा, बेस कॅम्पवर आलात की आधी प्या, मग झोपा.

लेहला परतल्यावर विमानाच्या आधी किमान एक मोकळा दिवस ठेवा. वाऱ्याने आणि ढगांनी सकाळची विमानं रद्द होणं तिथे नवीन नाही, आणि ऑगस्टमध्ये खोऱ्यातले ओढे दुपारनंतर फुगून गाडीचा रस्ताही अडतो. भाड्याचे बूट परत करण्यापूर्वी आतला लायनर वाळवा. स्वयंपाकी आणि घोडेवाल्यांचं बक्षीस लेहपर्यंत लांबवू नका, शांग सुमदोलाच द्या. घोडेवाले तिथूनच घरी वळतात.